भिंतीच्या आधाराने उभं टेबल

नव्या फ्लॅटचा इंटिरियरचा आराखडा हातात येतो. त्यात मुख्य दाराजवळ, भिंतीला चिकटून एक अरुंद आयत काढलेला असतो आणि आत लिहिलेलं असतं ‘कन्सोल’. घराचे मालक कागद आडवा-उभा करून पाहतात आणि हमखास विचारतात, ‘‘ह्याच्यावर ठेवायचं काय?’’

प्रश्न रास्त आहे. जेवणाच्या टेबलावर जेवतात, लिहिण्याच्या टेबलावर लिहितात, टीपॉयवर चहाचे कप येतात. कन्सोलपाशी खुर्चीच नसते. खोली बारा ते सोळा इंच, उंची तीस-बत्तीस इंच, लांबी भिंत देईल तेवढी. एवढ्या चिंचोळ्या फळीवर जेवता येत नाही, इस्त्री करता येत नाही, मुलांचा अभ्यास होत नाही. तरीही सजावटीच्या मासिकांत आणि मोबाइलवरच्या फोटोंत ते प्रत्येक घराच्या तोंडाशी उभं दिसतं. त्यातही नवं कोरं नको, ‘व्हिंटेज’ हवं, अशी मागणी असते. कोरीव पाय, मळका संगमरवर, वर पारा उडालेला आरसा.

मला हे टेबल फार दिवस आगंतुक वाटायचं. आता वाटत नाही. फर्निचर म्हणून न पाहता भिंतीचा एक अवयव म्हणून पाहिलं, की ते आपल्या ओळखीचं निघतं. पण तिथे पोचायला आधी बरंच लांब जाऊन यावं लागेल.

कन्सोल हा शब्द मुळात टेबलाचा नव्हे. फ्रेंच वास्तुकलेत भिंतीतून पुढे आलेल्या, नागमोडी वळणाच्या टेकूला कन्सोल म्हणत. वरची कॉर्निस, एखादा सज्जा किंवा पुतळ्याची फळी तो टेकू पेलायचा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये असल्याच टेकूंवर संगमरवराची फळी बसवली जाऊ लागली आणि टेकूचं नाव टेबलाला चिकटलं. या अस्सल कन्सोलला मागचे पायच नसत. पुढे दोन वळणदार पाय, क्वचित एकच, आणि मागची कड थेट भिंतीत पक्की केलेली. भिंत काढून घेतली तर टेबल कोसळणार. आज दुकानात कन्सोल म्हणून जे चार पायांवर सुटं उभं असतं, त्याला जुने इंग्रज कारागीर ‘पिअर टेबल’ म्हणाले असते. पिअर म्हणजे दोन खिडक्यांमधला भिंतीचा पट्टा. तिथे मांडायचं ते पिअर टेबल आणि त्याच्यावर टांगायचा तो उभा आरसा पिअर ग्लास. नावं वेगळी असली तरी वृत्ती एकच. खोलीच्या मधोमध यायचं नाही, भिंत सोडायची नाही.

व्हर्सायच्या आरसेमहालाचं काम १६७८ ते १६८४ या काळात झालं. ७३ मीटर लांबीचं दालन, एका बाजूला सतरा खिडक्या, समोर सतरा कमानी आणि त्या कमानींत ३५७ आरसे. चौदाव्या लुईने व्हर्सायमध्ये भरीव चांदीचं फर्निचर मांडलं होतं, त्यात टेबलंही होती. १६८९ मध्ये युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा राजाने ते सगळं टाकसाळीत पाठवून वितळवून घेतलं. पुढे दरबारी फर्निचरमध्ये मान राहिला तो कोरीव लाकडावर चढवलेल्या सोन्याच्या वर्खाचा. आज ज्याला आपण ‘फ्रेंच स्टाइल’ म्हणतो आणि लग्नाच्या हॉलमधल्या सिंहासनांवर ज्याची स्वस्त नक्कल पाहतो, त्या सोनेरी रूपाला रिकाम्या तिजोरीचाही थोडा हातभार लागला आहे.

त्या दालनांत या टेबलाचं खरं काम काय होतं? सजावटीच्या पुस्तकांत उत्तर मिळतं, फुलदाण्या आणि घड्याळं ठेवणं. तेही होतं, पण मोठं काम उजेडाचं. रात्री राजवाडा उजळायचा तो मेणबत्त्यांवर आणि चांगली मेणबत्ती महाग होती. भिंतीवर आरसा, आरशापुढे टेबल आणि टेबलावर शमादान मांडलं, की एका ज्योतीच्या दोन व्हायच्या. समोरच्या भिंतीवर तसाच आरसा असला तर त्या दोनाच्या किती व्हायच्या ते मोजू नये. सोन्याचा वर्खही नुसत्या श्रीमंतीसाठी नव्हता. हलत्या ज्योतीत तो चमकतो आणि कोपऱ्यातला अंधार थोडा मागे सरतो. दिव्याच्या बटणाच्या काळात तीच कलाकुसर भडक वाटते, कारण तिच्यासाठी ठरवलेला उजेडच आता नाही.

इंग्लंडमध्ये ही वस्तू गेली आणि तिथल्या स्वभावाप्रमाणे बदलली. विल्यम केंटच्या काळात, म्हणजे १७३०च्या आसपास, पंख पसरलेल्या गरुडाच्या पाठीवर संगमरवर पेललेली टेबलं झाली. अशा टेबलावर घराची किल्ली टाकायला माणसाला धीर होणार नाही. पुढच्या पिढीतल्या रॉबर्ट ॲडमने तो सगळा भार उतरवला. बारीक निमुळते पाय, अर्धचंद्राकृती फळी, फिक्या रंगाच्या लाकडाचं जडावकाम. हा अर्धचंद्र, फ्रेंचांचा ‘दमी-ल्यून’, कन्सोलच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा आकार आहे असं माझं मत आहे. अरुंद वाटेत कोपरा मांडीला लागत नाही, हे त्याचं कारण. चिपेंडेलचं १७५४चं, हेपलव्हाइटचं १७८८चं आणि शेरेटनचं १७९०च्या दशकातलं अशी नमुन्यांची पुस्तकं निघाली. तेव्हापासून लंडनची फॅशन बोटीने कुठेही जाऊ लागली आणि जिथे जाईल तिथला सुतार ती आपल्या लाकडात उतरवू लागला.

नेपोलियनच्या काळातली कन्सोल टेबलं पुन्हा जड झाली. गडद महोगनी, पितळेचे सोनेरी ठसे आणि मागच्या दोन पायांमध्ये जमिनीलगत बसवलेला आरसा. या खालच्या आरशाला अमेरिकेत ‘पेटीकोट मिरर’ म्हणतात. बायका बाहेर पडण्याआधी घागऱ्याखालचा परकर दिसत नाही ना, हे त्यात बघत, अशी गोष्ट पर्यटकांना आवडीने सांगितली जाते. टेबलापुढे दोन हात अंतरावर उभं राहून खाली बघायचा प्रयत्न केला तरी त्यात स्वतःची पावलं धड दिसत नाहीत. तो आरसाही उजेडासाठी आणि गालिचा लांबवर पसरल्यासारखा दिसावा यासाठी होता.

विसाव्या शतकाचा हिशोब थोडक्यात आटपतो. १९२५च्या पॅरिस प्रदर्शनानंतर आर्ट डेकोने सोनं उतरवून लोखंड आणि काच आणली. एडगर ब्रांटची घडीव लोखंडाची, वर संगमरवर ठेवलेली टेबलं त्या शैलीचा कळस आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कच्या सागवानी फर्निचरने पाय सरळ केले, कोरीव काम पुसलं आणि खणांना महत्त्व दिलं. आज ‘व्हिंटेज कन्सोल’ म्हणून युरोप-अमेरिकेत विकलं जाणारं बरंचसं सामान या दोन काळांतलं आहे. त्यांच्याही आधीची तपकिरी महोगनी मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे कुणाला नकोशी झाली. आजोबांचं भरीव टेबल नातवंडं लिलावात फुंकून टाकतात आणि दाबलेल्या भुशाचं नवं घेऊन येतात.

आपल्या बाजूला हे टेबल दोन वाटांनी आलं. पहिली वाट गोव्याची. गोव्यातल्या मोठ्या ख्रिस्ती घरांत ‘साला’ म्हणजे पाहुण्यांचं आणि नाचाचं दालन. नाचायला मधली जमीन मोकळी हवी, म्हणून सगळं फर्निचर भिंतीकडे सरकलेलं. खुर्च्यांची रांग, मध्ये कन्सोल, वर सोनेरी चौकटीचा आरसा, टेबलावर चिनी मातीची भांडी. चांदरचं ब्रागांझा घर पाहिलं की हे नीट समजतं. एकाच लांबलचक घराचे दोन भाग कुटुंबाच्या दोन शाखांकडे आहेत. तिथली दालनं पाहताना लक्षात येतं, की हे टेबल मोकळ्या जागेचं रक्षण करायला भिंतीशी उभं आहे. ही टेबलं घडवणारा मेस्त मात्र बहुतेक वेळा इथलाच. नमुना लिस्बनचा, लाकूड शिसवी किंवा साग आणि पायावरची वेलबुट्टी देवळाच्या मखरावर हात बसलेल्या माणसाची. युरोपातून आलेला आकार या हातांतून गेला, की पानं जरा मांसल होतात आणि पऱ्यांच्या तोंडावळ्यात कोकणी माणूस डोकावतो.

दुसरी वाट मुंबईची. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या काळ्या लाकडाच्या फर्निचरला, म्हणजे ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ला, देशाबाहेरही गिऱ्हाईक होतं. हे काळं लाकूड म्हणजे आपलं शिसवी. फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर, आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, या मालाची दुकानं होती. सोफे, कोचं, गोल टेबलं, कन्सोल, सगळ्यांवर इतकी जाळीदार कोरीव नक्षी, की बोट टेकवायला सपाट जागा मिळू नये. पारशी आणि युरोपीय घरांत ती शोभत असे. धूळ पुसणाऱ्या गड्याला काय वाटत असे, ते कुठे लिहिलेलं नाही. याच शहरातला एक गमतीदार धागा. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्यासोबत एडवर्ड विम्ब्रिज नावाचा गृहस्थ होता. ब्रह्मविद्येच्या मंडळींशी त्याचं पटेनासं झालं आणि त्याने मुंबईतच फर्निचरचा धंदा काढला. ‘विम्ब्रिज अँड कंपनी’ची पट्टी असलेलं टेबल आज लिलावात आलं तर दर्दी माणूस थबकतो.

पण गोव्याची साला आणि मुंबईचे बंगले सोडले, तर मराठी घरांत कन्सोल नव्हतं. का नव्हतं, याचं उत्तर गरिबी असं देता येईल आणि ते अपुरं ठरेल. सरदारांच्या वाड्यातही ते सहसा नसे. गरजच नव्हती, कारण त्याचं काम भिंत स्वतःच करत होती.

जुन्या वाड्याची भिंत दोन-दोन हात जाड. त्या जाडीत कोनाडे होते, देवळ्या होत्या, फडताळं होती. कोनाड्यात दिवा, देवळीत देव किंवा निरांजन, फडताळात वह्या आणि औषधाच्या बाटल्या. भिंतीतल्या लाकडी खुंट्यांवर पागोटं, उपरणं, छत्री, तालमीतून आलेल्याचा अंगरखा. बाहेरून येणारा माणूस हातातलं काय ते भिंतीच्या स्वाधीन करून मोकळा व्हायचा. जमिनीवर बसणाऱ्यांच्या घरात जमीन मोकळी लागते, म्हणून सामानाने भिंतीत शिरावं अशी ही योजना. कोनाड्याची कमान आज काजळीने काळी झालेली दिसते, पण मुळात ती उजेडासाठी होती. कमानीची चुन्याने घोटलेली आतली बाजू दिव्याचा उजेड खोलीत परत पाठवायची. व्हर्सायच्या आरशापुढचं शमादान आणि आपल्या कोनाड्यातली समई एकाच अडचणीवरचे उपाय होते. एकाने भिंतीतून बाहेर यायचं ठरवलं, दुसऱ्याने आत जायचं.

मग भिंतच बारीक झाली. १९३०च्या दशकात मुंबईत सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याची घरं उभी राहिली. भार खांबांनी आणि तुळयांनी घेतला, भिंती फक्त आडोशाला उरल्या. आतली भिंत चार इंची. तिच्यात कोनाडा कोरायला गेलं तर हात शेजारच्या खोलीत निघेल. १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नव्या मध्यमवर्गाला घर कसं मांडावं हे त्यात दाखवलं होतं. गोल कोपऱ्यांची कपाटं, काचेची फळी असलेली टेबलं, पॉलिश केलेल्या विनियरचे चमकदार पृष्ठभाग. भिंतीने जे काम सोडलं ते आता विकत घ्यायचं होतं.

आमच्यासारख्यांच्या घरांत ते बरीच वर्षं तुकड्यातुकड्याने आलं. चपलांचा रॅक दाराबाहेर. किल्ल्यांसाठी हुकांची पट्टी, बहुधा कुणीतरी वास्तुशांतीला दिलेली. फोन आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळं स्टूल, त्यावर क्रोशाचा रुमाल, खालच्या कप्प्यात डिरेक्टरी आणि दोरीला बांधलेलं बॉलपेन. हे फोनचं स्टूल म्हणजे मराठी घरातलं पहिलं कन्सोल. भिंतीशी उभं, बसायला जागा नाही, ये-जा करताना थांबायचं ठिकाण. शोभेचा भाग शोकेसने उचलला. काचेआड काश्मीरची होडी, संगमरवरी ताजमहाल, शाळेतले कप. मोबाइल आला आणि स्टूल गेलं. भिंतीभर टीव्ही आला आणि शोकेस गेली. दाराशी एक जागा रिकामी पडली. इंटिरियर करणाऱ्यांनी त्या जागेत फ्रेंच नावाचं टेबल आणून ठेवलं, एवढंच.

आता ‘व्हिंटेज’विषयी. शब्द द्राक्षाच्या तोडणीवरून वाइनच्या सालाकडे आणि तिथून जुन्या वस्तूंकडे आला. बाजारात त्याचा अर्थ ढोबळ आहे. शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक, वीस-तीस-चाळीस वर्षांपासून शंभरच्या आतलं ते व्हिंटेज. आपल्याकडे या शंभरच्या आकड्याला कायद्याचं वजन आहे. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे किमान शंभर वर्षं जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जुनाट दिसणारी वस्तू बाहेर न्यायची तर ती पुरावशेष नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. न्यू जर्सीतल्या मुलाला आजीचं शिसवी टेबल हवंहवंसं वाटतं, तेव्हा आणखी एक पायरी येते. शिसवी ज्या डालबर्जिया प्रजातीत मोडतं, तिच्यातली जवळपास सगळी लाकडं २ जानेवारी २०१७ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराखाली आली. छोट्या वजनाला सूट आहे, पण जड टेबलाला कागदपत्रं लागतात.

शंभरच्या आतल्या वस्तूचं काय होतं, हे चंडीगढमध्ये दिसलं. वास्तुविशारद पिअर जाँनरेने १९५०च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी घडवलेलं सागवानी फर्निचर जुनं झालं म्हणून भंगारात निघालं आणि परदेशी लिलावात चढ्या भावाने विकलं जाऊ लागलं. शंभर वर्षं झालेली नसल्याने १९७२च्या कायद्यात ते बसत नव्हतं. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने या वारसा-फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घालणारा आदेश काढला. तोवर बरंच निघून गेलं होतं. तुमच्या कचेरीच्या गच्चीवर, उलट्या टाकलेल्या टेबलांच्या ढिगात काय पडलंय, ते एकदा बघून घ्यावं.

मुंबईत जुनं फर्निचर शोधायचं तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण तिथे अख्खं टेबल मिळण्यापेक्षा पितळी कडी, बिजागरी, पाय अशी सुटी वस्तू मिळण्याचा संभव जास्त. कन्सोल म्हणून जे दाखवलं जातं त्यात खरी जुनी वस्तू थोडी. बरीचशी तीन प्रकारची असते. पहिला प्रकार जोडगोळीचा: पाय एका टेबलाचे, फळी दुसऱ्याची, आरसा तिसऱ्या घरचा. हा वाईट नाही, दुकानदाराने सांगितलं तर. दुसरा प्रकार कापलेला: मोठं जेवणाचं टेबल मधोमध चिरून दोन अर्धचंद्र. तिसरा प्रकार जोधपूरचा. तिथल्या कारखान्यांत आंबा, बाभूळ, शिशम अशा लाकडाचं नवं टेबल बनतं. मग त्याला साखळीने ठोकतात, कडा घासतात, गडद मेण भरतात आणि ते ‘रस्टिक’ होऊन बाहेर पडतं. वस्तू पुष्कळदा दणकट असते. तिला जुनी म्हणून जुन्याचा भाव लावणं, एवढीच लबाडी.

ओळखायचं कसं? टेबल उलटं करा. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या तर तेही एक उत्तर. जुन्या कारागिराने दिसणारी बाजू घोटली, न दिसणारी तशीच सोडली. खाली रंध्याचे, पटाशीचे खडबडीत माग लागतात. करवतीच्या रेघा सरळ पण अनियमित असतील तर लाकूड हाताने चिरलेलं, गोलाकार असतील तर यंत्राच्या चक्राचं, म्हणजे फार मागचं नाही. खण बाहेर ओढून कोपऱ्यातले दातेरी सांधे बघा. हाताने कापलेले दात कमी-जास्त असतात, यंत्राचे एकसारखे. अधिक खुणेचा स्क्रू १९३०च्या दशकात आला, त्यामुळे ‘दीडशे वर्षांचं’ टेबल तसल्या स्क्रूंवर उभं असेल तर कुणीतरी मध्ये हात घातलाय. गोल फळी फितीने दोन्हीकडून मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, म्हणून खरी जुनी गोल फळी किंचित लांबट झालेली असते. झीज कुठे आहे तेही पाहा. माणसाचा हात खणाच्या मुठीशी आणि फळीच्या पुढच्या कडेशी लागतो, पायाच्या मागच्या बाजूला नाही. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती साखळीची. आणि बारीक भोकांखाली पिठासारखा ताजा भुसा पडलेला दिसला तर टेबल कितीही सुंदर असो, तसंच घरी आणू नका. आत किडा जिवंत आहे, तो तुमच्या दाराच्या चौकटीलाही सोडणार नाही.

मला विचाराल तर मराठी घरासाठी खरं व्हिंटेज कन्सोल यांपैकी कुठेच मिळत नाही. ते बहुतेक वेळा घरातच, माळ्यावर किंवा गॅलरीत, गंजत पडलेलं असतं. आजीच्या किंवा आईच्या शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी स्टँड. दोन्ही बाजूंना वेलबुट्टीची जाळी, मध्ये कंपनीचं नाव, खाली पायट्याची चौकट, बाजूला मोठं चाक. सिंगरचे जुने स्टँड असोत की पुढच्या पिढीतले उषाचे, त्यांची उंची आणि रुंदी कन्सोलच्या मापाच्या अगदी जवळ जाते. वर सागवानाची किंवा कडाप्प्याची फळी टाकली की काम झालं. ती जाळी पाहताना वाटतं, वर्खाच्या कोरीव पायांचा नाद एकोणिसाव्या शतकातल्या ओतीव लोखंडात उतरला आणि हप्त्याने मशीन घेणाऱ्या घरापर्यंत पोचला. आमच्याकडे असा एक स्टँड आहे. रंगाऱ्याने सोनेरी रंग सुचवला होता, मी काळाच ठेवला. पायटा अजून हलतो आणि घरात येणारं प्रत्येक लहान मूल पहिल्यांदा त्याच्यावर पाय ठेवतं.

वाडे पाडल्यावर निघणाऱ्या तुळया आणि फळ्यांपासूनही हल्ली कन्सोल बनवून देतात. लाकूड उत्तम, पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं, आता फिरायचं नाही. त्याविषयी माझं मन मात्र दुभंगलेलं आहे. वाड्याच्या गणेशपट्टीचं टेबल करून त्यावर घराची किल्ली ठेवणं मला जमणार नाही. तुळईचं चालेल.

घरात मांडताना पहिलं माप वाटेचं घ्यावं. साडेतीन फुटांच्या पॅसेजमध्ये चौदा इंची कन्सोल ठेवलं की अठ्ठावीस इंच उरतात. एक माणूस भाजीची पिशवी घेऊन जाईल, दोघं समोरासमोर आले तर एकाला मागे फिरावं लागेल. अशा जागी दहा इंची फळी किंवा तो ॲडमचा अर्धचंद्र. दुसरं, वजन. चार फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड संगमरवराची फळी साधारण पंचवीस किलो भरते. दोनपायी कन्सोल भिंतीला टांगायचं असेल, तर हल्लीच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा रावळप्लग धरणार नाही, त्यासाठीचे वेगळे अँकर येतात. मुलं टेबलाला लोंबकळतात हे धरूनच चाला.

आरसा हवाच. पॅसेजला खिडकी नसते आणि खोलीतून येणारा उजेड पकडून परत पाठवायला दुसरा उपाय नाही. म्हणून आरशाची जागा सौंदर्य पाहून ठरवू नका. दुपारी चारला घरात उभे राहा आणि उजेड कुठून येतो ते बघा. समोर शौचालयाचं दार असेल तर आरसा ते दारच दुप्पट करेल. आरशापुढे एक छोटा दिवा, बाकी फळी मोकळी. फोटोंत दिसतात तशा तीन फुलदाण्या, दोन परदेशी पुस्तकं आणि सुकलेलं गवत यांनी ती भरून टाकली की किल्ली ठेवायला जागा उरत नाही आणि किल्ली पुन्हा फ्रिजवर जाते. एक खण असलेलं टेबल घ्या. विजेचं बिल, रबरबँड, कुरियरवाल्यासाठी पेन, सुटे पैसे, हळदीकुंकवाची उरलेली पाकिटं यांना घरात मुक्काम हवाच असतो. चपला खाली ठेवू नका. पायांमधली रिकामी जागा हीच या टेबलाची अर्धी देखणी बाजू आहे आणि चपलांचे बारा जोड तिथे आले की लुईचा दरबार असो की आजीचं मशीन, दिसतो तो रॅकच.

राहिली निगा. संगमरवरावर लिंबू, चिंच, व्हिनेगर पडलं की चकाकी जाते आणि हळदीचा डाग वर्षभर जात नाही, म्हणून सणाचं ताट त्यावर टेकवण्याआधी कापड घालावं. लाखेच्या जुन्या पॉलिशवर सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं तर पांढरा चट्टा उठतो, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाल्याने सगळं खरवडून पॉलियुरेथेन मारायचा आग्रह धरला तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगतं, खण अडकतो. तेव्हा तो हिसके देऊन ओढू नका आणि रंधाही मारू नका. रंधलेला खण हिवाळ्यात खुळखुळतो. ऊन पडलं की खण बाहेर काढायचा, खालच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि त्यावर मेणबत्ती घासायची. वीज गेल्यावर लागते तीच, स्वयंपाकघरातल्या खणातली साधी पांढरी मेणबत्ती चालते.